भिंतीवरच्या रिंगा

"मामा, या भिंतीवर तुझ्या एकूण चुका किती आहेत?"

हा प्रश्न मी दोनदा विचारला. पहिल्यांदा घशातल्या घशात, कारण कितीही झालं तरी तो मामा. दुसऱ्यांदा माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडच्या शिंप्यानं मशीन थांबवून वर बघावं अशा आवाजात. शटरच्या बाहेर माझ्या दोन मैत्रिणी, चष्मिश आणि ढब्बू, सायकलीवर बसून एक पाय जमिनीला टेकवून पळायच्या तयारीत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "मुख्याध्यापिकांपुढे एवढं बोलतेस ना? मग मामाला विचारून दाखव." त्यांना वाटतं माझा मामा फार तापट आहे. मिशांमुळे वाटतं तसं.

मामानं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. हातातल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं. मग भिंतीकडे असं बघितलं, जसं काही तिथं नवीन काही लागलं असावं.

"एकशे सत्तावीस," तो म्हणाला. "आणि बाहेरच्या दोघींना म्हणावं, आत येऊन मोजा. माझा हिशेब चुकला असेल तर ती एकशे अठ्ठाविसावी."

सायकलींच्या घंट्या वाजल्या आणि दोघी गायब. पैज मी जिंकले होते, पण जिंकलेलं बघायला कुणी थांबलंच नाही, ही गोष्ट मला अजून खटकते.

मामाच्या गॅरेजचा तो एक नियम आहे. दुरुस्त करून दिलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, की आतून जो भाग निघेल तो भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि वर खडूनं तारीख घालायची. तीस वर्षांत एकशे सत्तावीस. बाकीचे मिस्त्री चकाचक गाड्यांचे फोटो लावतात, हा आपले नापास झालेले पेपर लावतो. आई म्हणते, गिऱ्हाईक आत पाऊल टाकतं तर समोर काय, हा माणूस कुठे कुठे चुकला त्याचं प्रदर्शन! मामा म्हणतो, ते गिऱ्हाइकासाठी नाहीच.

शेवटचे तीन खिळे जवळजवळ होते. तिन्हींवर एकसारख्या रिंगा, मोठ्या कड्याएवढ्या, पत्र्याच्या. तारखा गेल्या तीन महिन्यांतल्या. तिन्ही एकाच गाडीच्या, आणि ती लाल गाडी आत्ता आमच्यासमोर पाचव्यांदा उभी होती.

गाडी हॉस्पिटलातल्या एका सिस्टरची. सिस्टर पहाटेच्या पाळीला एकट्या वीस मैल जातात. गाडीला टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून जो जळका धूर बाहेर पडतो, त्याच्याच जोरावर गरगरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, की गाडी पळते वाऱ्यासारखी. आता हा धूर नळीतून नीट मागे गेला तर ठीक, मध्येच कुठून फुटला तर आत बसलेल्याच्या नाकात. सिस्टरची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच होती. सकाळी गाडी सुरू केली की टिक टिक टिक, आणि आत डोकं दुखेल असा वास. गॅरेजपर्यंत येईतो इंजिन तापतं आणि आवाज बंद.

मामानं पहिल्याच वेळी बघितलं होतं. टर्बोच्या मागे जिथे नळी जोडली आहे, तिथे काळीकुट्ट काजळी. म्हणजे जोडातली रिंग गेली. नवी रिंग टाकली. पंधरा दिवसांनी सिस्टर परत. पुन्हा काजळी, पुन्हा नवी रिंग. असं चारदा झालं, आणि सिस्टर पुन्हा परत.

"मिस्त्री," त्या या खेपेला म्हणाल्या होत्या, "ही गाडी माझी आहे की तुमची? तुमच्याकडेच जास्त राहते."

त्या हसून बोलल्या. मामा हसला नाही. त्या रात्री जेवताना त्यानं आमच्या घरी सांगून टाकलं, "या वेळी परत आली तर मी शटर ओढतो."

बाबांच्या ओळखीत एका मोठ्या दुकानाचं स्टोअर आहे. खुर्चीवर बसायचं, खोकी आली की नोंद करायची. आई सहा महिने मामाच्या मागे लागली आहे, ते काम घे म्हणून. "गुडघे गेले तुझे. किती दिवस गाड्यांखाली लोळणार?" पण त्या रात्री तो स्वतःहून शटर म्हणाला तर आईचा चेहरा पडला. मोठ्या माणसांचं मला कळत नाही.

मला मात्र शटर नको होतं. अजिबात नको. का, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. मी गेल्या वर्षीपर्यंत बोलायचेच नाही. म्हणजे बोलायचे, पण ते माझं मलाच ऐकू यायचं. वर्गात हजेरी देताना बाई दोनदा नाव घ्यायच्या. शाळा सुटली की मी गॅरेजमध्ये येऊन कोपऱ्यातल्या टायरवर बसायचे, आणि मामा रोज म्हणायचा, "मोठ्यानं बोल. तोंड उघड. माझ्याकडे बघून बोल." रोज! कंटाळा आणला होता त्यानं. मी एक वाक्य बोलले की, "काय? पुन्हा. इकडे बघून." शेवटी मी चिडून ओरडायलाच लागले, आणि मग एक दिवस शाळेतही तोच आवाज निघाला. या वर्षी वक्तृत्वात पहिली आले. बक्षीस घेताना आभाराचे दोन शब्द बोलायला माईक दिला, मी तो बाजूला सारला. गरजच नव्हती. वर्गात आता मला भोंगा म्हणतात आणि मला ते आवडतं.

तर हा भोंगा जिथे वाजायला शिकला, ते शटर असं कसं ओढू द्यायचं?

"ये, धर," मामा म्हणाला. त्यानं चौथी रिंग काढून माझ्या हातावर ठेवली. "टांग. एकशे अठ्ठावीस."

मी खिळा शोधत भिंतीपाशी गेले. जुन्या रिंगा खूप होत्या, आणि मामानं मला कधीतरी दाखवलं होतं त्यांच्यात काय बघायचं ते. रिंग गळली की तिच्या अंगावर एक काळा ओघळ उमटतो, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. धूर तिथून वाट काढून गेलेला असतो. डाग अगदी स्पष्ट असतो, शाई सांडल्यासारखा. मी एक जुनी रिंग बघितली, ओघळ होता. दुसरी, होता. मग हातातली बघितली.

हिची बाहेरची कड काळी होती. पण अंगावर काहीच नाही. अंगठ्यानं पुसली तर चमकली.

मी तिच्या तिन्ही बहिणी खिळ्यांवरून उतरवल्या. बाहेरून काळ्या, आतून स्वच्छ. चारही.

"मामा," मी म्हणाले, "या गळल्याच नव्हत्या."

त्यानं चारही रिंगा दिव्याखाली धरल्या, एक झाली की दुसरी. मग पहिली पुन्हा. तो स्टुलावर बसला.

"काजळी बघितली आणि थांबलो," तो म्हणाला. "रिंग फक्त टांगली. बघितली नाही."

"मग धूर येतो कुठून?"

"तेच. ही काजळी दुसरीकडून उडत येऊन जोडावर बसते आहे." त्यानं इंजिनाकडे हनुवटी केली. "दुपारीच चालवून बघितली, अजून गरम आहे, काही कळायचं नाही. गार असतानाच बोलते ती. उद्या रविवार ना तुला? सहाला ये. सिस्टर आठला येणार."

*

रविवारी सहा वाजता उठणारी मुलगी आमच्या वर्गात दुसरी नाही, हे मी छातीठोक सांगते.

गॅरेज गारठलेलं होतं. मामानं शटर खाली ओढून घेतलं, म्हणजे रस्त्याचा आवाज नको, आणि धूर जायला मागचं दार सताड उघडलं. बॉनेट उघडं. मी समोर उभी, मामा आत बसून किल्लीला हात लावून.

"पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं," तो म्हणाला. "लोखंड तापलं की फुगतं आणि भेग मिटते. तयार?"

त्यानं गाडी सुरू केली.

टिक टिक टिक टिक टिक.

इतकं स्पष्ट! घड्याळ गिळल्यासारखं. मी आनंदानं उडीच मारली. मामा उतरून पुढे आला, वाकला, कान जवळ नेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता म्हणेल, सापडली. तो वाकलेलाच होता. टिकटिक त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर चालू होती.

त्यानं मान हलवली. "गप्प आहे," तो म्हणाला. "आज नाही बोलत."

मला वाटलं तो गंमत करतोय. त्याच्या डोळ्यांत बघितलं. गंमत नव्हती.

तोपर्यंत टिकटिक विरळ झाली आणि बंद पडली. मामानं इंजिन बंद केलं.

मी गप्प बसले. मी! भोंगा! डोक्यात मात्र एकामागून एक दिवे लागत होते. फोन वाजत राहतो आणि तो उचलत नाही, ते. माझ्या मैत्रिणी काही बोलल्या तर तो माझ्याकडे बघतो, ते. बॉनेटखाली असताना मी हळू काही विचारलं तर काही उत्तर नाही, ते.

"मामा," मी त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "आवाज आला. चांगला मोठा आला. तुला आला नाही?"

तो फडक्यानं हात पुसायला लागला. हात स्वच्छ होते.

"कुठून आला?" त्यानं विचारलं.

"तू आधी सांग."

"तू आधी सांग, कुठून आला."

"मला नाही कळलं. इकडून, वरून कुठून तरी."

"मग इंजिन पुन्हा गार होऊ दे," तो म्हणाला. "पंखा लाव."

मोठा पंखा इंजिनासमोर लावून आम्ही दोघं टायरवर बसलो. तास-सव्वा तास. माझ्यासारख्या मुलीला इतका वेळ गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच, पण मी बसले. मग तोच बोलला, इंजिनाकडे बघत.

"दीड वर्ष झालं असेल. आधी बारीक आवाज जातात. शिटी, फुसफुस, टिकटिक. जाड आवाज येतात अजून. तुझ्या आईचं बोलणं समोरून असलं तर कळतं, पाठीमागून नाही. तीस वर्षं ठोकाठोक ऐकली, कान तरी किती पुरणार?"

"मग तू मला रोज 'मोठ्यानं बोल' म्हणायचास, ते..."

"ते त्यासाठीच."

मला वाटत आलं होतं, मामानं मला घडवलं वगैरे. मी आभाराच्या दोन शब्दांत तसं म्हटलंसुद्धा होतं, टाळ्या पडल्या होत्या.

"तू हळू बोलायचीस," मामा म्हणाला. "आणि तू काय बोलतेस ते मला ऐकायचं असायचं."

मी पंख्याकडे बघत राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, त्यात विशेष काही नाही.

"ताईला सांगू नको," तो म्हणाला.

"मी सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तूच सांग."

"वकील व्हायचंय का तुला?"

"विषय बदलू नको."

सव्वासातला त्यानं मॅनिफोल्डवरचा पत्रा काढला. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या चार नळ्यांतला धूर गोळा करून टर्बोला देणारा ओतीव लोखंडाचा पंजा. तो फार तापतो म्हणून त्यावर पत्र्याचं झाकण असतं. जोडातली रिंग बदलायला ते काढावं लागत नाही, त्यामुळे मामानं ते चारही वेळा काढलंच नव्हतं. मग त्यानं एक रबरी नळी माझ्या हातात दिली, हातभर लांब.

"एक टोक कानाला. दुसरं फिरव, सावकाश. जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे थांब. लोखंडाला लावू नको, फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ नको. केस बांध."

मी केस बांधले. त्यानं किल्ली फिरवली.

नळीतून ऐकणं म्हणजे वेगळंच जग. सगळं इंजिन कानात येऊन बसतं. जोडापाशी गेले, टिकटिक होती पण लांबची. वर सरकले, वाढली. पंजाच्या पहिल्या दोन बोटांच्या बेचकीत, खालच्या अंगाला, अशी काही आदळली की मी नळी झटकन काढली.

"इथे!"

मामानं हाताची मागची बाजू पाण्यात बुडवली आणि मी दाखवलं तिथे, वीतभर खाली धरली. ओल्या कातडीवर वारा लगेच कळतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. टिक, आणि त्याची पापणी हलली. टिक, पुन्हा. तो ते ऐकत नव्हता, पण मोजत होता.

"आहे," तो म्हणाला. "आहे गं!"

आरसा खाली सरकवून, बॅटरी मारून दाखवलं त्यानं मला. केसाएवढी भेग. त्यातून निघालेला धूर पत्र्याखालून मागे जाऊन नेमका जोडावर बसत होता, आणि बिचाऱ्या तीन रिंगा नसत्या गुन्ह्यासाठी भिंतीवर गेल्या होत्या, चौथी वाटेत होती.

आठ वाजता सिस्टर आल्या तेव्हा बॉनेट उघडंच होतं. मला वाटलं मामा काहीतरी गोलमाल सांगेल. मी असते तर सांगितलं असतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "गाडी आज मिळणार नाही. चार वेळा मी चुकीचा भाग बदलला. गाडीचा दोष नव्हता. मॅनिफोल्डला तडा आहे, तो आवाज मला ऐकू आला नाही. हिला आला."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडासमोर हात धरला, ओठ दिसू नयेत असा, आणि हळू काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं: "चहा घेणार का?" मामा नुसता बघत राहिला.

"बुधवारी दुपारी तीन," हात खाली घेऊन सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे कान तपासतात. मी वेळ घेऊन ठेवते. माझी गाडी पाच वेळा आली ना तुमच्याकडे? तुम्ही एकदा या."

त्या गेल्यावर मी मामाला म्हणाले, "आता शटर ओढायचं कारण नाही. गाडी परत आलीच नाही, कारण ती गेलीच कुठे होती?"

"गाडीचं नाही ते," मामा म्हणाला. त्यानं तिन्ही रिंगा पुन्हा आपापल्या खिळ्यांना लावल्या आणि चौथीसाठी नवा खिळा ठोकला. "ज्याला ऐकू येत नाही त्यानं लोकांच्या गाड्या घेऊ नयेत. त्यात बाई बसते, एकटी, पहाटे."

*

नवा मॅनिफोल्ड शुक्रवारी आला. शनिवारी मामानं बसवला, बोल्ट एकाआड एक आवळत, घाई नाही. रविवारी सकाळी आम्ही गार इंजिन सुरू केलं. मी नळी घेऊन बेचक्या, जोड, टर्बो, सगळीकडे फिरले. काही नाही. नुसता इंजिनाचा श्वास. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी 'नाही' अशी मान हलवली तेव्हा त्यानं डोळे मिटले. सिस्टर गाडी घेऊन गेल्या.

दुपारी मामा आमच्याकडे जेवायला आला. जेवण झाल्यावर तो बाबांना म्हणाला, "दाजी, त्या स्टोअरवाल्यांना कळवा. एक तारखेपासून येतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे. आई ओट्यापाशी भांडी घासत होती, आमच्याकडे पाठ.

"असं अचानक का पण?" तिनं विचारलं.

मामा पेल्यातलं पाणी प्यायला.

"मी विचारतेय काहीतरी," आई म्हणाली. पाणी वाहत होतं. "सहा महिने झाले, मी काही बोललं की हा गप्प. नोकरी सुचवली म्हणून एवढा राग? तुझ्या भल्यासाठीच सुचवली ना? लहानपणापासून तुझं हेच. तोंडानं भांड की एकदा!"

मामा शांतपणे पेला टेबलावर ठेवत होता. मी ओठ गच्च मिटून बसले होते, दात दुखेपर्यंत. पण बहुतेक माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटलं असावं, कारण मामानं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग आईच्या पाठीकडे.

"ताई काही म्हणाली का?" त्यानं विचारलं.

आईचे हात थांबले.

"ताई, राग नाही गं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. पाठ असली की काहीच कळत नाही. दीड वर्ष झालं. बुधवारी तपासून आलो. मशीन देणार आहेत, बोलणं कळेल म्हणाले. इंजिनातला बारीक आवाज मात्र यायचा नाही."

आईनं नळ बंद केला. पदर नाही, फडकं नाही, ओल्या हातांनीच ती आली, खुर्ची ओढली आणि मामाच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. मग म्हणाली, "आत्ता येतंय ऐकू?"

"येतंय."

"मी सहा महिने भिंतीशी भांडत होते म्हणजे."

"भांडत होतीस का? मला वाटलं भांडी घासतेस."

आई हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि ओल्या हातानं त्याच्या दंडावर एक चापट मारली. बाबा उगाच चष्मा पुसायला लागले. मामा म्हणाला, "म्हणून स्टोअर. खोक्यांना कान लागत नाहीत." त्यानं ते हसत म्हटलं, पण हात मांडीवर पडले होते, तळवे वर, जसं काही त्यात कुणी काहीतरी ठेवायचं राहून गेलं होतं.

मी उठून उभी राहिले. वक्तृत्वाला उभी राहते तशी नाही, खुर्चीची पाठ धरून.

"आई, बाबा," मी म्हणाले, "उद्यापासून रोज सकाळी साडेसहा ते साडेसात मी गॅरेजमध्ये असणार. इंजिन गार असतं तेव्हाच ऐकायचं असतं. ऐकायचं काम माझं, बाकीचं मामाचं. शाळा सव्वाआठला भरते, मी वेळेवर पोचेन, आणि मार्क कमी पडले तर तेव्हा बोला. स्टोअरवाल्यांना कळवू नका. मी परवानगी मागत नाहीये, सांगतेय."

मग मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले, मामाच्या समोर उभी राहिले, आणि तेच सगळं पुन्हा एकदा, त्याच्याकडे बघून, सांगितलं.